तीन नंबर लाईनचं उक्तं

कारखान्यात अपघात झाला की ‘किती लागलं?’ हे विचारायच्या आधी लोक विचारतात, ‘चूक कुणाची?’ फरशीवरचं रक्त पुसायच्या आत हा प्रश्न उभा राहतो आणि त्याची दोन उत्तरंही तयारच असतात. केबिनमधला माणूस म्हणतो, कामगार निष्काळजी. गेटबाहेर झेंडा घेऊन उभा असलेला म्हणतो, भांडवलदार रक्त पितात. सेफ्टी ऑफिसर म्हणून मी उभी नोकरी या दोन उत्तरांच्या मधे काढली. आता घरी बसलो तरी ती पाठ सोडत नाहीत. माझा थोरला भाऊ यवतला पानाचं दुकान चालवतो. तो म्हणतो, माणूसच हावरा, त्याला कंपनी काय करणार? माझा मुलगा पुण्यात शिकतो. त्याच्याकडं सगळ्या दुखण्यांना एकच शब्द आहे, भांडवलशाही. सणाला दोघं एका दस्तरखानावर आले की जुंपते. मग दोघंही माझ्याकडं वळतात. “तुम्ही तर आत होता. तुम्ही सांगा.”

आत होतो हे खरं. पण आत असलेल्या माणसाला एका शब्दात सांगता येत नाही, म्हणून हे लिहायला घेतलं.

आम्ही तांबोळी. वडील यवतच्या बाजारात पानं विकायचे. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला, आणि हे मी लाजून सांगत नाही. दौंडला बी.एस्सी. केलं, मग सेफ्टीचा डिप्लोमा केला आणि शिक्रापूरच्या पट्ट्यात नोकरीला लागलो. वडिलांना नोकरी समजावून सांगायला गेलो तर ते म्हणाले, “म्हंजी तू करणार काय?”

“कामगारांना इजा होऊ नये हे बघायचं.”

“आन् पगार कोन देनार?”

“मालक.”

वडिलांनी पानाला चुना लावता लावता वर पाहिलं. “मंग अवघड हाय बाबा.”

एवढं बोलून ते पुढच्या गिऱ्हाइकाकडं वळले. डिप्लोमाच्या पुस्तकांत हे कुठं लिहिलेलं नव्हतं.

बाहेरच्यांना वाटतं, सेफ्टी ऑफिसर म्हणजे भिंतीवर पाट्या लावणारा माणूस. पाट्या लावतोच. पण खरं काम असतं माणसांशी भांडायचं, आणि तेही त्यांच्याच बोटांसाठी. नोकरीच्या सुरुवातीला मी कंपनीशी वाद घालून कामगारांना चामड्याचे जाड हातमोजे मिळवून दिले. आठवड्यात निम्मे गायब. चौकशी केली तर समजलं, हातमोजे ऊसतोडीला गेलेत. पाचटानं बायकोचे हात कापतात म्हणून एकानं घरी नेले, ते पाहून दुसऱ्यानं नेले. मी त्यातल्या एकाला पकडून विचारलं, “तुझे हात कापले तर?” तो म्हणाला, “माझं काय सायेब, मला सवय हाय.” आता याला बेजबाबदार म्हणायचं, की चांगला नवरा म्हणायचं? मी कंपनीकडं आणखी हातमोजे मागितले. कंपनी म्हणाली, तुमचे कामगार चोर आहेत. दोन्हीकडून बोलणी खायची, असा हा धंदा.

ज्या गोष्टीसाठी हे लिहितोय ती मात्र प्रेस शॉपमधली आहे. कंपनीचं नाव सांगत नाही. आमच्या भागात तिच्यासारख्या पुष्कळ आहेत. मोटारीच्या सीटला लागणारे पत्र्याचे तुकडे तिथं तयार व्हायचे. पॉवर प्रेस म्हणजे एक थोरला लोखंडी हातोडा. खालच्या साच्यावर सपाट पत्रा ठेवायचा, वरून हातोडा येतो आणि एका दणक्यात पत्र्याला आकार देतो. त्या हातोड्याला पत्रा आणि हात यातला फरक कळत नाही. म्हणून प्रेसला दोन बटणं असतात, एकमेकांपासून चांगली लांब. दोन्ही तळव्यांनी दोन्ही बटणं एकदम दाबली तरच हातोडा खाली येतो. दोन्ही हात बटणांवर, म्हणजे साच्यात एकही नाही. ज्यानं कुणी हे शोधलं त्याला माझा सलाम आहे.

पण तीन नंबर लाईनवर बाभळीच्या लाकडाचा एक छोटा तुकडा तासून डाव्या बटणाच्या खोबणीत बसवायची पद्धत पडली. बटण दाबलेलंच राहायचं. मग उजवा हात उजवं बटण दाबायला मोकळा, आणि डावा हात तेवढ्यात पुढचा पत्रा सरकवायला मोकळा. एका दणक्यामागं डोळ्याची पापणी लवण्याएवढा वेळ वाचतो. त्या लाकडाच्या तुकड्याला लाईनवर ‘जावई’ म्हणायचे. का, तर तो नुसता बसून राहतो आणि सगळे त्याच्यासाठी राबतात. सकाळी शिफ्ट चालू झाली की एकमेकांना हाक मारायचे, “जावई बसला का रं?”

आता तुम्ही म्हणाल, मॅनेजरनं बसवायला लावला असेल. नाही. कुणीही लावला नाही.

झालं असं होतं. तीन नंबर लाईनचे लीडर होते गव्हाणे आप्पा. लाईनवर सगळ्यांत वयस्कर, गळ्यात तुळशीची माळ, बोलणं तिखट. लाईनवरची बहुतेक माणसं आसपासच्या गावांतली, अर्धा पाय शेतात असलेली. आप्पा एक दिवस प्लँट हेडकडं गेले, प्लँट हेड म्हणजे कारखान्याचा मुख्य साहेब, आणि म्हणाले, “साहेब, आमाला उक्तं द्या.”

शहरातल्या वाचकांसाठी सांगतो. उक्तं म्हणजे काम अंगावर घेणं. कांदाकाढणीला बायकांची टोळी येते, ती वावर उक्तं घेते. दिवसभर रोजानं राबायचं नाही; एवढं वावर आमचं, काढून झालं की आम्ही मोकळ्या. दुपारी संपलं तर दुपारी घरी. शेतात ही पद्धत आमच्या आज्यापणज्यापासूनची आहे. आप्पांनी ती कारखान्यात आणली. शिफ्टला जेवढे तुकडे ठरलेत तेवढे झाले की लाईनला गेटपास मिळावा, असं मागणं होतं.

साहेबानं विचार केला. मागं उभं राहून हाकायला सुपरवायझर नको, तुकडे रोज पुरे होणार, कटकट मिटली. त्यानं होय म्हटलं. लाईन खूश, साहेब खूश. लाईनमधले लोक दुपारी निघून घरी जायला लागले. दत्ता कोळपे इनामगावचा, घोडनदीच्या काठी त्याची शेवंती. शेतीच्या लाईटीची पाळी दिवसा असली की तो पोचून स्वतः पाणी धरायचा. यादव नावाचा एक बिहारी होता, शिक्रापुरात खोली घेऊन राहायचा. तो दुपारनंतर ढाब्यावर तंदूर सांभाळायचा. आप्पा नातवाला शाळेतून आणायचे. कारखान्यात काम करून दिवसाउजेडी घरी जाणं ही काय चीज आहे, ते ज्यानं केलंय त्यालाच कळेल.

मग घड्याळवाला आला. कंपन्यांत असा एक इंजिनीअर असतो, हातात घड्याळ घेऊन कामाला किती वेळ लागतो ते मोजतो. त्याला दिसलं की ही लाईन लवकर मोकळी होते. म्हणजे ठरलेला आकडा कमी आहे. आकडा वाढला. तो इंजिनीअर वाईट माणूस नव्हता, त्याच्या जागी मी असतो तरी मला तेच दिसलं असतं. साहेबही एकदा मला वैतागून म्हणाला होता, “तांबोळी, गाडीवाले दरवर्षी आमच्याकडं तोच तुकडा आदल्या वर्षीपेक्षा कमी भावात मागतात. मी कुठून आणू?” त्याच्या वर कुणीतरी होतं, त्या वरच्याच्याही वर कुणी होतं. सगळ्यांत वरचा मला कधी दिसला नाही.

आकडा वाढल्यावर लाईननं काय करायचं? उक्तं सोडून द्यायचं, आठ तास सावकाश काम करायचं, असं कुणीही म्हणालं नाही. एकदा दुपारी घरी जायची चव लागली होती. म्हणून जावई आला. तो आल्यावर पुन्हा लवकर मोकळे व्हायला लागले, मग पुन्हा घड्याळवाला आला.

मी रोज जावई काढून नेत असे. माझ्या टेबलाचा खालचा कप्पा त्या लाकडी तुकड्यांनी भरला. दुसऱ्या दिवशी नवे तयार. मी प्रेसच्या समोर प्रकाशाचा पडदा मागितला, म्हणजे साच्यात हात दिसला की हातोडा आपोआप थांबतो असा सेन्सर. साहेब म्हणाला, पुढच्या वर्षी. शेवटी एक दिवस मी तीन नंबर लाईनची वीजच बंद केली. म्हटलं, जावई असेल तिथं प्रेस चालणार नाही.

मला वाटलं होतं, साहेब धावत येईल. त्याच्या आधी लाईनच माझ्यावर धावून आली.

“तांबोळी,” आप्पा म्हणाले, “तुमी आमच्या बाजूचं का त्यांच्या?”

“तुमच्या बोटांच्या बाजूचा.”

“बोटं आमची हायेत न्हवं? मंग आमाला बघू द्या की.”

दत्ता जवळ आला. तिशीतला गडी, लाईनवर सगळ्यांत हात चलाख. रागावला नव्हता, अजिजीनंच बोलला. “साहेब, चारला लाईट येती माझ्याकडं. मी न्हाई पोचलो तर शेवंतीला पानी कोन देनार? तुमचा नियम येनार हाय का दारं धरायला?”

सगळे हसले. तेवढ्यात साहेब आला. त्यानं ऐकून घेतलं आणि मला बाजूला नेऊन म्हणाला, “कामगारांनाच नकोय, तर तुम्ही का जीव काढताय?” आणि लाईन चालू करायला सांगितली. लाईननं टाळ्या वाजवल्या. साहेबासाठी कामगारांनी टाळ्या वाजवलेल्या मी तेवढ्या एकदाच पाहिल्या. त्या दिवशी मालक आणि मजूर एका बाजूला होते आणि पलीकडं मी एकटा. झेंडेवाल्याच्या पुस्तकात हे पान नाही. माझ्या भावाच्याही हिशेबात ते बसत नाही, कारण यात हाव कुणाचीच नव्हती. एकाला पाणी द्यायचं होतं, एकाला नातू आणायचा होता, एकाला ऑर्डर टिकवायची होती.

पावसाळा सरता सरता ते झालं. दुपार होती. प्रेस शॉपमध्ये इतकी वर्षं काढल्यावर कानाला दणक्यांचा ठेका बसतो. मधेच एक दणका दबका आला तर पाय आपोआप पळायला लागतात. मी पोचलो तेव्हा दत्ता उभाच होता. ओरडत नव्हता. डावा हात उजव्या हातात धरून नुसता बघत होता. तीन बोटं गेली. त्याला बाहेर नेलं, गाडीत घातलं, मीही बरोबर गेलो. वाटेत त्यानं मला एकच विचारलं, “आकडा पुरा झाला का वो लाईनचा?”



दवाखान्यातून परत आलो तर साहेब लाईनवर उभा. म्हणाला, “चला, सगळ्या मशीन दाखवा.” आम्ही एकेक प्रेस पाहिली. सगळी बटणं साफ, एकाही प्रेसला जावई नाही. मी दत्ताला घेऊन गेलो तेवढ्या वेळात ज्यानं त्यानं आपापला काढून टाकला होता. फक्त दत्ताच्या प्रेसला होता. तिथं रक्त होतं. त्या प्रेसला हात लावायचा कुणाचा जीव झाला नव्हता.

“एकाच मशीनवर आहे,” साहेब म्हणाला.

“सगळ्यांवर होता. तुम्हाला माहीत आहे.”

“मग तुम्ही लाईन चालू कशी राहू दिली?”

“मी बंद केली होती. चालू तुम्ही केली.”

सगळ्यांसमोर मी हे बोललो. बोलण्यात मी कधी मागं सरलो नाही, तेवढी एक मिळकत आहे माझी. साहेबाचा चेहरा पडला. त्यानं मला केबिनमध्ये नेलं, दार लावलं. मग बोलला ते सरळ बोलला.

“हे बघा तांबोळी. आहे तसं वर कळवलं तर एका माणसानं मशीनशी छेडछाड केली, त्याची चूक, असं होईल. उपचार मिळतील. पण तो ठेकेदाराचा माणूस. बरा झाल्यावर त्याला परत घ्यायला वरचे मला परवानगी देणार नाहीत. लाईननं स्वतः येऊन सांगितलं की सगळेच लावत होते, उक्त्यापायी लावत होते, तर ती कामाच्या पद्धतीची चूक होते. मग मी सेन्सर मागू शकतो. दत्ताला तपासणीच्या टेबलावर कायमचा बसवू शकतो. पण मग उक्तं बंद. त्याच दिवसापासून.”

“तुम्ही सांगा की वर. तुम्हाला माहीतच आहे.”

“मी सांगितलं तर मीच जातो.” थोडं थांबून तो म्हणाला, “मलाही दोन पोरं आहेत.”

मी कँटीनमध्ये लाईनला बोलावून हे जसंच्या तसं सांगितलं. एका पारड्यात दत्ताची नोकरी, दुसऱ्यात उक्तं. चहा समोर होता, कुणी पीत नव्हतं.

एकजण म्हणाला, “त्याची चूक न्हाई कशी? हात त्यानंच घातला.”

“तू काय पाय घालीत व्हतास का?” आप्पा खेकसले.

“हम तो बाहर के आदमी हैं,” यादव म्हणाला. “जो सब बोलेंगे।”

“आमी दत्तासाठी वर्गणी काढू,” तिसऱ्यानं सुचवलं. “दर महिन्याला देऊ.”

“किती महिनं?” आप्पांनी विचारलं.

शेवटी असं ठरलं की दत्तालाच विचारायचं. तो म्हणेल तसं. मलाही तेव्हा हे रास्त वाटलं. ज्याचं गेलं त्याला विचारावं, यात वाईट काय?

रविवारी आम्ही दहाजण एका टेंपोत बसून इनामगावला गेलो. दत्ताचं घर शेतातच, मागं शेवंतीचे वाफे, पलीकडं नदी. दत्ता बाजेवर बसला होता, हाताला थोरलं बँडेज, चेहरा उतरलेला, पण आम्हाला पाहून खुलला. माणसं भेटायला आली याचंच त्याला अप्रूप. त्याच्या बायकोनं, सुनंदानं, चहा टाकला. आप्पांनी घसा साफ केला आणि सगळं मांडलं. काही लपवलं नाही, काही वाढवलं नाही.

दत्ताला विचार करायला वेळच लागला नाही. “त्यात काय आप्पा? सांगा माझाच व्हता. माझ्या एकट्यापायी समद्यांचं उक्तं कशाला घालवायचं?”

लाईनच्या लोकांचा जीव भांड्यात पडला. एकजण “वा रं गड्या” म्हणाला. आप्पांनी मान खाली घातली. तेवढ्यात सुनंदा चहाचं ताट घेऊन दारात आली आणि तिथंच थांबली.

“आप्पा, एक इचारू का?”

“इचार की.”

“तुमी दहाजन आला. ह्यो न्हाई म्हनंल, आसं तुमच्यातल्या एकाला तरी वाटलं व्हतं का?”

सगळे वाफ्यांकडं बघायला लागले.

“मंग इचारायला कशाला आला? चार मान्सांत वीस डोळं रोखून इचारल्याव कोन न्हाई म्हनंल? इचारल्यालं बरं दिसतं म्हनून आला व्हय?”

“सुनंदा, तू आत जा,” दत्ता म्हणाला.

“जाते. चा ठिवते आन् जाते.” तिनं प्रत्येकाच्या हातात कप दिला, मला देताना माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. “याला काम ऱ्हायलं न्हाई तर मी एकटीनं फुलं बी तोडायची, पानी बी धरायचं आन् याला जेवाय बी घालायचं. त्ये उक्तं घ्यायला कोन येनार हाय, तेवढं सांगा आन् जावा.”

चहा गोड होता. सगळ्यांनी खाली मान घालून प्याला.

टेंपो परतीला लागला. न्हावऱ्याच्या पुढं आल्यावर यादव मागून पुटपुटला, “भाभीजी सही बोलीं।”

“मला कळत न्हाई का?” आप्पा म्हणाले. “गप बस.”

सोमवारी साहेबानं सगळ्यांना केबिनमध्ये घेतलं. मी दाराशी उभा. साहेबानं विचारलं, “लाकूड फक्त दत्ताच्याच मशीनला होतं का?” आप्पा एका पायावरून दुसऱ्या पायावर झाले. मग म्हणाले, “समद्यांच्या व्हतं. माझ्या बी. उक्तं मीच मागितलं व्हतं, साहेब. आकडा वाढला तवाच सोडायचं व्हतं, त्ये आमी सोडलं न्हाई.” मग यादव म्हणाला, “हमारे में भी था।” आणखी एकानं मान हलवली. बाकीचे भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत राहिले. आणि एकजण स्पष्ट म्हणाला, “माझ्या मशीनला न्हवतं.” तो खोटं बोलत होता आणि तिथं उभ्या असलेल्या प्रत्येकाला ते ठाऊक होतं. साहेबानं त्याला पुढं काही विचारलं नाही. त्याला जेवढं हवं होतं तेवढं मिळालं होतं.

जिन्यात मी आप्पांना म्हटलं, “चांगलं केलंत.”

“कशाचं चांगलं?” ते म्हणाले. “मी दिवाळीनंतर घरीच बसनार हाय. माझं काय जातंय? ज्याची नोकरी ऱ्हायलीय त्याला सांगा चांगलं कर म्हनून.”

उक्तं त्याच दिवशी बंद झालं. सेन्सर आले, सगळ्या प्रेसना बसले. पाच वर्षं मागून मिळत नव्हते ते पंधरवड्यात आले. वाढलेला आकडा मात्र खाली आला नाही. जावयाशिवाय तो गाठायला पूर्ण शिफ्ट लागायला लागली, वर थोडा जास्तीचा वेळही. आप्पांचा नातू रिक्षानं घरी जायला लागला, यादवचा ढाबा सुटला.

दत्ता बरा होऊन आला तो तपासणीच्या टेबलावर. टेबल लाईनच्या शेवटाला. प्रेसमधून आलेला प्रत्येक तुकडा हातात घ्यायचा, उलटासुलटा करून चीर आहे का बघायची, चांगला हिरव्या क्रेटमध्ये, वाईट लालमध्ये. बसून काम, उजेड चांगला. मला वाटलं, एवढं तरी झालं.

पण चहाच्या वेळेला मी पाहत होतो. दत्ता कँटीनमध्ये आला की त्याच्या बाकावरची बाकीची जागा रिकामीच राहायची. कुणी टोमणे मारत नव्हतं, भांडत नव्हतं. एकदा एका नव्या पोराला जुन्यांपैकी कुणी सांगत होता ते कानावर आलं. “पूर्वी दुपारी मोकळं व्हायचो आमी. त्यो बसलाय न्हवं, त्याच्यापायी गेलं.” आकडा वाढवणारा घड्याळवाला त्यांच्या ध्यानात नव्हता. कमी भावात माल मागणारा गाडीवाला तर त्यांनी कधी पाहिलाच नव्हता. दत्ता रोज डोळ्यांसमोर होता. दोष जवळच्या माणसाला चिकटतो, लांबच्यापर्यंत पोचायला त्याच्यात जोर नसतो. माझ्या मुलाला मी हे सांगितलं तर तो म्हणाला, “बघा, हीच व्यवस्था.” भावाला सांगितलं तर तो म्हणाला, “बघ, हीच माणसं.” मी पुन्हा भाकरी मोडायला लागलो.

माझ्या निवृत्तीला थोडे दिवस राहिले होते तेव्हाची गोष्ट. मी फेरी मारत दत्ताच्या टेबलाशी आलो. त्यानं तुकडा खाली ठेवला.

“साहेब, एक काम हुतं.”

“बोल.”

“थोरल्या साहेबास्नी तेवढं इचारता का? तपासणीचं उक्तं मिळंल का?”

मला आधी वाटलं, तो थट्टा करतोय.

“दत्ता, तुझ्याच तोंडानं...”

“आता बोटं जायचा परश्नच न्हाई की. हितं मशीन कुठाय? निस्तं बघायचं. सुनंदा एकटी पडती. शेवंती तोडनीला आलीय, मजूर मिळत न्हाई. दुपारी मोकळा झालो तर चार क्रेट तरी उचलून दीन.” मग थोडं हसून म्हणाला, “माझी मर्जी हाय साहेब. कुनाची जबरदस्ती न्हाई.”

मी नाही म्हणालो. विचारणार नाही, असं स्पष्ट सांगितलं. तपासणी उक्ती झाली तर काय होईल ते सांगितलं. चिरलेला तुकडा सीटखाली जाईल, कुणाची तरी गाडी कुठंतरी जोरात थांबेल, आणि ती सीट थांबणार नाही. त्यानं सगळं नीट ऐकलं. “बराबर हाय तुमचं,” म्हणाला आणि कामाला लागला.

मी तिथंच उभा राहिलो. उजव्या हातानं तो तुकडा उचलायचा, डाव्या हाताच्या उरलेल्या बोटांत धरून फिरवायचा आणि हिरव्या क्रेटमध्ये टाकायचा. चांगला सराव झाला होता. मग माझ्या ध्यानात आलं की त्याच्या पुढचा ढीग लाईनवरून येणाऱ्या मालापेक्षा झपाट्यानं कमी होतोय; मधले काही तुकडे न फिरवताच क्रेटमध्ये जात होते. मी क्रेटमधून वरचे दोन तुकडे काढून त्याच्यापुढं ठेवले.

“हे फिरवले नाहीस तू.”

त्यानं ते घेतले, उजेडाकडं धरून उलटेसुलटे केले, कडेवरून नख फिरवलं. दोन्ही चांगले निघाले. ते परत क्रेटमध्ये ठेवत तो म्हणाला, “तुमी हाय तवर बघतो, साहेब.”

त्या महिन्याच्या अखेरीला मी निवृत्त झालो.